फ्लेक्सवर आडवे पट्टे येतायत? हेड धुण्याआधी मोजपट्टी लावा

आडवे पट्टे दिसले की बहुतेक ऑपरेटर ठरलेल्या क्रमानं कामाला लागतात. आधी पर्ज (शाई सोडणाऱ्या हेडमधून जोरानं शाई बाहेर काढणं), मग सोल्यूशननं हेड पुसणं, मग पुन्हा पर्ज, आणि तरीही पट्टे राहिले की प्रिंट ‘युनि’वर, म्हणजे एकाच दिशेनं. युनिवर पट्टे गेले की विषय मिटला असं सगळे धरून चालतात. दुसऱ्या दिवशी दुसरा रोल चढवला की पुन्हा तेच. शाई वाया गेली, वेग जवळपास निम्म्यावर आला, आणि बिघाड होता तिथेच आहे.

एका दिशेनं छापणं ही चाचणी म्हणून फार कामाची गोष्ट आहे, इलाज म्हणून क्वचितच. पट्टे किती मिलिमीटरवर येतात, रुंदीत कुठे येतात आणि कोणत्या रंगात येतात, या तीन गोष्टी पाहिल्या तर बऱ्याचदा मशीनला हात न लावताच कारण कळतं. खालचं सगळं आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या मशीनना धरून लिहिलं आहे: कोनिका ५१२आय हेडची दहा फुटी सॉल्व्हंट फ्लेक्स मशीन, आणि एप्सनच्या डीएक्स५, एक्सपी६०० किंवा आय३२०० हेडची सहा फुटी इको-सॉल्व्हंट.

आधी आडवं-उभं नक्की करा

पट्टा आडवा की उभा हे डिझाइनकडे बघून ठरवू नका, मशीनकडे बघून ठरवा. जॉब फिरवून लावलेला असला तर डिझाइनमधली उभी रेघ ही मशीनची आडवी रेघ असते. हेड वाहून नेणारा कॅरेज ज्या दिशेनं धावतो त्या दिशेची रेघ आडवी, मीडिया (ज्यावर छापतो ते फ्लेक्स किंवा व्हिनाइल) ज्या दिशेनं पुढे सरकतो त्या दिशेची उभी.

उभ्या पट्ट्यांचा विषय थोडक्यात उरकतो. कॅरेजची जागा मोजणाऱ्या एन्कोडरच्या पारदर्शक पट्टीवर शाईचा फवारा किंवा ग्रीस बसलेलं असतं, कॅरेजचा बेल्ट ढिला असतो, किंवा रेलच्या बेअरिंगमध्ये घाण असते. पट्टी मऊ कापडानं, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंचित लावून, हलक्या हातानं पुसा. शाईचं सोल्यूशन तिला लावू नका, काही पट्ट्यांवरच्या बारीक रेघा त्यानं उडतात आणि मग कॅरेज वाट्टेल तिथे आपटतो.

आडव्या पट्ट्यांचं प्रकरण मात्र मोठं आहे.

हेडची रुंदी भागिले पास

हेड एका फेरीत किती रुंदीचा पट्टा छापतं ते माहीत हवं. कोनिका ५१२आयची छपाई-रुंदी सुमारे ३६ मिमी आहे. डीएक्स५ आणि एक्सपी६०० साधारण एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. आय३२०० सुमारे ३३.८ मिमी. या आकड्याला पासच्या, म्हणजे एकाच जागेवरून होणाऱ्या फेऱ्यांच्या, संख्येनं भागलं की मीडिया दर फेरीला किती सरकतो ते मिळतं, तीच स्टेप. कोनिकावर ४ पासला ९ मिमी, ६ पासला ६ मिमी. डीएक्स५वर ४ पासला ६.३५ मिमी, ८ पासला ३.१७ मिमी. एकाच रंगाची दोन हेड पुढे-मागे लावून पट्टा दुप्पट केलेला असेल तर हे आकडेही दुप्पट धरा.

आता खराब प्रिंटवर स्टीलची मोजपट्टी ठेवा. एक पट्टा मोजून भागणार नाही, पहिल्या पट्ट्यापासून अकराव्यापर्यंतचं एकूण अंतर घ्या आणि दहानं भागा.

अंतर स्टेपइतकं आलं तर संशयित दोन: स्टेपचं कॅलिब्रेशन किंवा बंद नोझल (हेडवरचं शाई सोडणारं बारीक छिद्र). हे दोन्ही अंतरावरून वेगळे करता येत नाहीत, कारण एकच नोझल बंद असलं तरी त्याची रिकामी जागा दर स्टेपला एकदा येतेच. ते रंगावरून वेगळे होतात, त्याकडे पुढे येतो. एक पट्टा गडद, एक फिका असं आलटून-पालटून होत असेल आणि पूर्ण आवर्तन दोन स्टेपचं भरत असेल, तर बिघाड छपाईच्या दिशेशी जोडलेला आहे. आणि अंतर स्टेपच्या कुठल्याच हिशेबात बसत नसेल, आठ-दहा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठं असेल, तर तो रोलरचा मामला आहे. तो शेवटी घेतो.

पांढरी रेघ, काळी रेघ

सगळ्या रंगांत एकाच जागी रेघ येत असेल तर स्टेप चुकली आहे. रेघ पांढरी किंवा फिकी असेल तर मीडिया हवा त्यापेक्षा जास्त सरकतोय, दोन पट्ट्यांत फट पडतेय. रेघ गडद असेल तर कमी सरकतोय, पट्टे एकमेकांवर चढतायत. सॉफ्टवेअरमधला स्टेपचा आकडा त्याप्रमाणे कमी-जास्त करा. एका वेळी थोडाच बदला आणि दरवेळी तोच नमुना छापून पाहा.

मीटरभर छापून टेपनं मोजायची पद्धत बरी आहे, पण ढोबळ आहे. समजा, मीटरला २ मिमी जास्त आलं. ९ मिमीच्या स्टेपला ती चूक ०.०१८ मिमी होते. हे काहीच नाही असं वाटेल. पण ४ पासमध्ये पहिल्या आणि चौथ्या फेरीत तीन स्टेपचं अंतर असतं, म्हणजे चूक साचून ०.०५४ मिमी. ३६० डीपीआयला (इंचात ३६० ठिपके) दोन ठिपक्यांमधलं अंतरच ०.०७ मिमी आहे. म्हणजे टेपवर दोन मिलिमीटर दिसणारी चूक प्रिंटवर पाऊण ठिपक्याची घसरण असते, आणि सॉलिड, म्हणजे पूर्ण भरलेल्या, निळ्यात ती डोळ्यांना लगेच जाणवते. म्हणून टेपनं जवळपास आणा आणि शेवटचं जुळवणं मशीनच्या स्टेप-पॅटर्नवरच करा.

स्टेपचा आकडा सगळ्या मीडियाला एकच ठेवणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे, असं माझं मत. साधं फ्लेक्स, स्टार फ्लेक्स, व्हिनाइल, वन-वे व्हिजन या सगळ्यांची जाडी वेगळी, घसरण वेगळी, ताण वेगळा. भरलेला रोल ओढायला जड जातो, संपत आलेला हलका. त्यामुळे रोलच्या सुरुवातीला स्वच्छ आलेलं प्रिंट शेवटच्या काही मीटरमध्ये पट्टे देऊ शकतं, आणि त्यात हेडचा काहीही संबंध नसतो. मीडिया दाबून धरणारे पिंच रोलर सगळे खाली दाबलेत का, एखाद्याचं रबर गुळगुळीत झालंय का, मागचा रोल अडकत-अडकत फिरतोय का, छापलेला मीडिया गुंडाळणारा टेक-अप ओढ जास्त लावतोय का, हे आधी बघा. आणि कॅलिब्रेशन करताना हीटर काम करतानाच्या तापमानावर असू द्या. थंड मशीनवर जुळवलेली स्टेप गरम व्हिनाइलला बसत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ‘फेदर’ असतं. पट्ट्यांच्या कडा ते एकमेकांत मिसळून टाकतं आणि किरकोळ चूक झाकली जाते. ते वापरायला हरकत नाही, पण स्टेप जुळवताना फेदर बंद ठेवा. नाहीतर आपण काय जुळवतोय तेच दिसत नाही.

एकाच रंगात केसासारखी रेघ

सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक यांचे शंभर टक्के सॉलिड चार पट्टे पूर्ण रुंदीत छापा. रेघ फक्त मॅजेंटात दिसली तर स्टेपला दोष देऊ नका. नोझल टेस्ट काढा, म्हणजे प्रत्येक नोझलची एकेक रेघ, आणि नीट बघा. टेस्टमधली रेघ गायब असेल तर नोझल बंद आहे. रेघ आहे पण तिरकी आहे, तर नोझल वाकडं मारतंय. त्याची खूण म्हणजे सॉलिडमध्ये एक फिकी आणि तिला चिकटून एक गडद रेघ. बंद नोझल पर्जनं उघडू शकतं. वाकडं नोझल कधी सुटतं, कधी नाही, आणि त्यासाठी दहा वेळा पर्ज करून बाटलीभर शाई गटारात घालण्यात अर्थ नसतो. पास वाढवून ते झाकणं स्वस्त पडतं.

यलोची टेस्ट पांढऱ्या फ्लेक्सवर दिसतच नाही म्हणून बरेच जण ती सोडून देतात. मोबाइलच्या स्क्रीनवर गडद निळा रंग पूर्ण भरून त्या उजेडात बघा, पिवळ्या रेघा काळपट उठून दिसतात.

तिसरा प्रकार फसवा आहे. नोझल टेस्ट सुरुवातीला पूर्ण येते, प्रिंट अर्ध्या मीटरपर्यंत उत्तम, मग गडद सॉलिडमध्ये हळूहळू रेघा उगवतात. थोडा वेळ थांबून टेस्ट काढली की पुन्हा सगळं ठीक. इथे हेड स्वच्छ आहे, त्याला शाई पुरत नाहीये. फिल्टर किंवा डॅम्पर (हेडच्या तोंडाशी बसवलेली शाईची छोटी डबी) चोंदलेला असतो, नळीत हवा असते, सब-टँकची (कॅरेजजवळच्या छोट्या टाकीची) पातळी किंवा शाई हेडमधून गळू न देणारं निगेटिव्ह प्रेशर बिघडलेलं असतं. हे पकडायचं असेल तर पट्टे दिसत असतानाच जॉब थांबवा आणि त्याच क्षणी नोझल टेस्ट काढा. पाच मिनिटांनी काढलेली टेस्ट खोटं बोलते.

दिशा बदलली की नेमकं काय बदलतं

दोन्ही दिशांनी छापताना तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात आणि तिघींचे इलाज वेगळे आहेत. युनि लावलं की तिन्ही एकदम नाहीशा होतात, म्हणूनच खरं कारण कळत नाही.

पहिली, जाता-येताचा मेळ. थेंब नोझलमधून सुटून मीडियावर पडेपर्यंत कॅरेज पुढे गेलेला असतो. हिशेबासाठी कॅरेजचा वेग सेकंदाला १ मीटर, थेंबाचा ६ मीटर आणि हेडची उंची २ मिमी धरा. थेंब सुमारे ०.३३ मिमी पुढे जाऊन पडतो. परतताना तेवढाच उलट्या बाजूला. सॉफ्टवेअर हा फरक भरून काढतं, तेच बाय-डायरेक्शन कॅलिब्रेशन. पण उंची अर्ध्या मिलिमीटरनं बदलली तर दोन दिशांतला फरक आणखी ०.१७ मिमीनं वाढतो, म्हणजे ३६० डीपीआयचे दोनांहून जास्त ठिपके. पातळ व्हिनाइलवर केलेलं कॅलिब्रेशन जाड फ्लेक्सवर का बसत नाही, आणि कॅरेजचा वेग बदलला की ते पुन्हा का करावं लागतं, याचं उत्तर इथे आहे. ओळखायचं कसं? काळ्या रंगात केसाएवढी उभी रेघ छापा. ती दुहेरी झाली किंवा अक्षरांना सावली आली तर मेळ बिघडलाय. ही रेघ डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तिन्हीकडे छापा. एका टोकाला जुळतेय आणि दुसऱ्या टोकाला नाही, असं असेल तर आकडे बदलत बसू नका. मीडियाखालचा बेड समपातळीत नाही, किंवा हेडची उंची सगळीकडे सारखी नाही.

दुसरी, रंगांचा क्रम. हेड एका ओळीत असतात. एका दिशेनं जाताना यलोवर सायन पडतो, परतताना सायनवर यलो. दोन्ही हिरवेच, पण एकच हिरवा नव्हे. म्हणून हे पट्टे शुद्ध सायनमध्ये किंवा काळ्यात दिसत नाहीत; हिरवा, जांभळा, तपकिरी, केशरी अशा मिश्र रंगांत दिसतात. प्रत्येक पट्टा एका स्टेपइतका रुंद, आलटून-पालटून. कितीही कॅलिब्रेशन केलं तरी हे जात नाही, कारण काही चुकलेलंच नसतं. पास वाढवा आणि ते सम ठेवा. ३ पासला प्रत्येक जागी दोन फेऱ्या एका दिशेच्या आणि एक दुसऱ्या दिशेची पडते, पुढच्या पट्ट्यात उलट, त्यामुळे फरक जास्त उठतो. ज्या मशीनमध्ये रंग आरशासारखे दोन्हीकडे लावलेले असतात तिथे हा त्रास होत नाही. बाकीच्यांनी मोठ्या सपाट हिरव्या जॉबला सरळ युनि लावावं. या एका ठिकाणी युनि हाच खरा इलाज.

तिसऱ्या कारणाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: सुकायला मिळणारा वेळ. दहा फुटी मशीनवर कॅरेजला ३.२ मीटर जायला, वर धरलेल्या वेगानं, ३.२ सेकंद लागतात. मध्यभागी दर फेरीत सारखंच अंतर पडतं, ३.२ सेकंद. पण काठावर? कॅरेज तिथे येतो, वळतो आणि लगेच पुन्हा त्याच जागी छापतो. मग जातो तो ६.४ सेकंदांनी परत येतो. म्हणजे काठावर एक थर जवळजवळ ओल्यावर ओला पडतो आणि पुढचा सुकलेल्यावर. ओल्या शाईत ठिपके एकमेकांत ओढले जातात, चमक बदलते, गडदपणा बदलतो. पट्टे दोन्ही काठांना ठळक आणि मध्ये जवळपास नाहीत, अशी तक्रार असेल तर हेच कारण. हीटर आणि पंखा वाढवा, दोन फेऱ्यांमध्ये थोडा विराम द्या, आणि रिपमध्ये (फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एकूण शाईची मर्यादा खाली आणा. डिझायनर मंडळी काळा म्हणून चारही रंग शंभर-शंभर टक्के भरून पाठवतात. ती फाइल जशीच्या तशी छापली तर कुठलंही मशीन रडेल.

दीड फुटाची अरुंद पट्टी मोठ्या मशीनवर एकटी छापली की ती सगळीच काठासारखी वागते, कॅरेज क्षणात परत येतो. तीन-चार छोटे जॉब शेजारी-शेजारी लावा. मीडियाही वाचतो आणि शाईला सुकायला वेळही मिळतो.

युनि चाचणी वाचताना एक सावधगिरी

एकच नमुना, तोच पास, तोच वेग, आधी दोन्ही दिशांनी आणि मग एका दिशेनं छापा. युनिवरही पट्टे तसेच राहिले तर दिशेचा संबंध नाही. स्टेप आणि नोझलकडे परत जा. युनिवर गेले तर लगेच ‘मेळ बिघडला होता’ असा निष्कर्ष काढू नका. युनिमध्ये कॅरेज रिकामा परततो, त्या वेळात हेडला शाई भरून घ्यायला उसंत मिळते. म्हणजे शाई न पुरण्याचा बिघाडही युनिवर झाकला जातो.

हे वेगळं काढायला आणखी एक नमुना छापा: दोन्ही दिशांनीच, पण दर फेरीनंतर विराम देऊन. वेग कमी करू नका, कारण वेग बदलला की मेळही बदलतो आणि चाचणीत दोन गोष्टी मिसळतात. विरामानं पट्टे गेले तर शाईचा पुरवठा किंवा सुकणं, या दोघांतलं एक. काठांना जास्त होते तर सुकणं. सगळीकडे होते आणि छपाई लांबत गेली तसे वाढत होते, तर पुरवठा. विरामानंही फरक पडला नाही तर मेळ किंवा रंगांचा क्रम, आणि त्यांची ओळख वर दिलीच आहे.

कोणत्या जॉबला कोणती दिशा

रस्त्यावरचं होर्डिंग शंभर फुटांवरून बघतात. तिथे दोन्ही दिशा, कमी पास, बिनधास्त. दुकानातला ग्लो-साइन उलट आहे: मागून ट्यूब किंवा एलईडी पेटली की समोरून न दिसणारी फट उजळून निघते. असा जॉब मशीनवरून उतरवण्याआधी मागून उजेड धरून बघाच. चेहरे, फिकट आकाश, सपाट करडा रंग, हे हाताच्या अंतरावरून बघण्याचं काम असेल तर जास्त पास, आणि वेळ असेल तर युनि. उलट बारीक अक्षरांच्या आणि क्यूआर कोडच्या जॉबला पास वाढवण्यापेक्षा मेळ आणि हेडची उंची बघणं महत्त्वाचं. तिथे रेघेची धार हवी असते.

४० बाय २० फुटांचं होर्डिंग दहा फुटी मशीनवर दोन पट्ट्यांत छापावं लागतं आणि जोड बरोबर मध्ये येतो. मशीन डावीकडून उजवीकडे रंग किंचित बदलत असेल तर तो फरक जोडावर उघडा पडतो: वरच्या पट्ट्याची मशीनच्या उजवीकडे छापलेली कड खालच्याच्या डावीकडे छापलेल्या कडेला भिडते. दुसरा पट्टा १८० अंशांत फिरवून छापा, म्हणजे जोडाच्या दोन्ही कडा मशीनच्या एकाच बाजूला छापल्या जातील. दोन्ही पट्टे एकाच रोलवर, एकाच पासला आणि एकाच दिशा-सेटिंगला, मध्ये पर्ज न करता.

हवामान आणि अर्थिंग

विदर्भातल्या मे महिन्यात सॉल्व्हंट नोझलच्या तोंडावरच सुकतं, म्हणून जॉब संपल्यावर हेड उघडं ठेवू नका आणि पंख्याचा झोत कॅरेजवर येऊ देऊ नका. कोरड्या थंडीत व्हिनाइलवर स्थिर वीज साचते, बारीक थेंब भरकटतात आणि पट्ट्यांच्या कडा धुरकट होतात. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात कागदी मीडिया ओल धरतो, लहरी पडतात आणि हेडची उंची जागोजागी बदलते. अर्थिंग नीट नसेल तर स्थिर वीज तर साचतेच, शिवाय हेडच्या बोर्डालाही धोका. मशीनच्या किमतीपुढे अर्थिंगच्या खड्ड्याचा खर्च किरकोळ आहे.

स्टेपच्या हिशेबात न बसणारे पट्टे

राहिला रोलर. मीडिया ओढणाऱ्या रोलरचा व्यास मोजा आणि ३.१४ नं गुणा. ३० मिमी व्यासाला ९४ मिमी येतात. पट्टे बरोबर तेवढ्या अंतरावर पुन्हा-पुन्हा येत असतील तर रोलर वाकलाय, त्यावर एका जागी शाई किंवा चिकट थर बसलाय, किंवा बेअरिंग गेलंय. आधी रोलर पूर्ण एक फेरा फिरवत पुसून बघा. तरी राहिले तर स्टेपला हात लावू नका, कारण अर्ध्या फेऱ्यात मीडिया जास्त सरकतोय आणि अर्ध्यात कमी. एका आकड्यानं दोन्ही भागणार नाहीत. मोटर आणि रोलर यांच्यातला बेल्ट किंवा गिअर झिजला असेल तर त्याच्या दातांप्रमाणे वेगळंच अंतर येईल. इंजिनिअरला फोन करताना ‘बँडिंग येतंय’ एवढंच सांगू नका. पट्टे किती मिलिमीटरवर येतात, सगळ्या रंगांत येतात का आणि युनिवर राहतात का, हे तिन्ही सांगा. कोणता पार्ट बरोबर घेऊन निघायचं ते त्याला लगेच कळेल.